संगीताच्या चाहत्यांच्या स्पर्धेसाठी पहिला व्हिडिओ: नियमावलीपासून लिंक पाठवण्यापर्यंत

गाण्यांवर तुम्ही लिहिता. नवीन काही कानावर पडलं की चार जणांना पाठवल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही. आणि आता चाहत्यांच्या एखाद्या स्पर्धेने लेखाऐवजी दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मागितलाय. कॅमेऱ्यासमोर हातांचं काय करायचं, इथपासून ज्यांची अडचण सुरू होते त्यांच्यासाठी हा लेख आहे. सामान फार लागत नाही: एक बरा फोन, जमल्यास आवाज रेकॉर्ड करायला दुसरा फोन, एक खिडकी आणि दोन मोकळे दिवस.

आधी नियमावली, तीही शेवटपर्यंत

कंटाळवाणं काम आहे, पण चांगल्या प्रवेशिका बाद होतात त्या इथेच. वेळेची मर्यादा तीन मिनिटं असेल तर त्यात सुरुवातीची पाटी आणि शेवटची श्रेयनामावली धरलीय का ते बघा. व्हिडिओ आडवा हवाय की उभा? फाइल पाठवायची की लिंक? फाइल असेल तर किती एमबीपर्यंत? सबटायटल्स सक्तीची आहेत का? आधी कुठे प्रसिद्ध झालेला व्हिडिओ चालतो का? एआयने केलेला आवाज किंवा चित्रं चालतात का? ही उत्तरं एका कागदावर लिहून तो समोर ठेवा. उभ्या व्हिडिओची अट शूटिंग झाल्यावर कळली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

अंतिम तारखेसमोर वेळ कुठली दिलीय तेही पाहा. आयोजक जगाच्या दुसऱ्या टोकाला असतील तर त्यांची मध्यरात्र तुमच्या घड्याळात भलत्याच वेळी पडते. आणि एक कलम दोनदा वाचा: प्रवेशिकेचे हक्क कोणाकडे राहणार. ‘आम्हाला व्हिडिओ दाखवण्याची परवानगी द्या’ हे रास्त आहे. ‘सर्व हक्क कायमचे आमच्याकडे’ असं लिहिलं असेल तर पाठवायचं का, याचा विचार करा. मी तरी पाठवणार नाही.

परीक्षणाचे निकष आणि गुण दिले असतील तर ते सोन्यासारखे जपा. ‘मौलिक विचार’ याला निम्मे गुण असताना रंगसंगती सुधारण्यात रात्र घालवण्यात काही अर्थ नाही.

एकच जागा पकडा

नवखे लोक बहुधा इथे गडबडतात. ‘माझा आवडता बँड’ हा विषय घेतला की त्या बँडचा जन्म, सगळे अल्बम, पुरस्कार, सदस्यांची भांडणं असं सगळं दोन मिनिटांत कोंबलं जातं. ती माहिती परीक्षकाला कुठेही मिळते. तुमच्या कानांना काय ऐकू आलं, हे मात्र तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

म्हणून कलाकारापेक्षा गाणं घ्या, आणि गाण्यातलीही एक जागा. तिथे काहीतरी घडतं: ड्रम्स अचानक थांबतात, दुसऱ्यांदा ध्रुवपद येताना सूर किंचित वर चढतो, गायिका शब्दाचं शेवटचं अक्षर गिळते, मागे कोरस आहे हे दहाव्यांदा ऐकताना कळतं. ती जागा सापडली की व्हिडिओ निम्मा झालाच म्हणा.

सापडत नसेल तर एक सोपा उद्योग करा. गाणं हेडफोनवर सलग तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त गळा, दुसऱ्यांदा फक्त ठेका आणि बेस, तिसऱ्यांदा बाकी राहिलेलं सगळं. प्रत्येक वेळी जिथे मान आपोआप हलली किंवा भुवई वर गेली तिथला मिनिट-सेकंद टिपून ठेवा. तिन्ही फेऱ्यांत एकाच ठिकाणी खूण पडली तर जास्त शोधायला नको.

त्या जागेबद्दल तुमचं म्हणणं एका वाक्यात लिहून पाहा. ‘हे गाणं खूप भावपूर्ण आहे’ हे म्हणणं नव्हे, ते कुठल्याही गाण्याला चिकटतं. ‘या गाण्यात रडणं गायकाच्या आवाजात नाही, ते मागच्या ऑर्गनमध्ये आहे’ हे म्हणणं आहे, कारण यावर कोणी भांडू शकतं.

लिहून काढा, पण लेखासारखं नको

लेख लिहिणाऱ्यांना इथे उलट त्रास होतो. कागदावर शोभणारं वाक्य तोंडात अडखळतं. म्हणून आधी बोला, फोनवर रेकॉर्ड करा आणि मग ते उतरवून काढा. मित्राला गाणं ऐकवताना तुम्ही ज्या भाषेत बोलता तीच हवी.

सुरुवात कशी नसावी, याचा नमुना असा: ‘नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज मी तुम्हाला माझ्या अत्यंत आवडत्या गाण्याबद्दल सांगणार आहे. पण त्याआधी थोडी माझी ओळख करून देते.’ पंधरा सेकंद गेले आणि गाण्याचा पत्ता नाही. आता हे बघा:

‘दोन मिनिटं चौदा सेकंद. इथे गायक श्वास घेतो, आणि तो श्वास स्पष्ट ऐकू येतो. स्टुडिओत तो सहज कापता आला असता. त्यांनी ठेवला. का ठेवला असेल, हे मला बरेच दिवस छळतंय.’

तुमचं नाव नंतर सांगितलं तरी चालतं, किंवा पडद्यावर पाटी आली तरी पुरे. दुसऱ्या नमुन्यात एक प्रश्न उभा राहिलाय आणि ऐकणाऱ्याला उत्तर हवंय. त्यापुढचा व्हिडिओ म्हणजे त्या उत्तराकडे जाणारा रस्ता.

किती लिहायचं याचं गणित इंटरनेटवरून घेऊ नका, प्रत्येकाची बोलण्याची चाल वेगळी असते. एक मिनिटाचा गजर लावून स्वतःचाच एखादा मजकूर मोठ्याने वाचा, शब्द मोजा, त्यातून दहा टक्के वजा करा. तो तुमचा मिनिटाचा हिशेब. संगीताच्या व्हिडिओत मध्ये मध्ये शांतता लागते, ती त्या दहा टक्क्यांतून येते.

पाठ करायचं का? सगळं नको. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन पक्की करा, मधले मुद्दे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चिकटवा. वाचून दाखवणारे डोळे लगेच ओळखू येतात.

गाणं वाजवायचं की नाही?

या प्रश्नावर थोडं थांबू, कारण इथे अफवा फार आहेत.

एका रेकॉर्ड झालेल्या गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. दोन्ही वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. तुम्ही मूळ गाणं वाजवलंत तर दोन्ही हक्कांशी संबंध येतो, स्वतः गाऊन दाखवलंत तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न मिटतो पण रचनेचा राहतो. जर्मन संगीतकार बेटहोव्हन १८२७ साली वारला, त्याच्या रचना आता सगळ्यांच्या आहेत. पण एखाद्या ऑर्केस्ट्राने काही वर्षांपूर्वी केलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण त्या ऑर्केस्ट्राचं किंवा कंपनीचंच असतं. ‘जुनं आहे म्हणजे फुकट’ हे म्हणून अर्धंच खरं.

‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’, ‘तीस सेकंदांच्या आत कोणी विचारत नाही’ ही वाक्यं तुम्ही ऐकली असतील. असा सेकंदांचा सरसकट नियम नाही. समीक्षा किंवा टीका करताना थोडा भाग उद्धृत करण्याची मुभा बऱ्याच देशांच्या कायद्यांत आहे, पण ती प्रसंग पाहून ठरते: किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ गाण्याच्या बाजारावर परिणाम होतो का. शिवाय यूट्यूबवरची यंत्रणा हा विचार करत बसत नाही. तिथे कंटेंट आयडी नावाची प्रणाली २००७ पासून आहे. ती चढवलेल्या प्रत्येक व्हिडिओचा आवाज हक्कदारांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून बघते. जुळलं की दावा लागतो. मग हक्कदार तो व्हिडिओ अडवू शकतो, त्यावर जाहिराती लावून पैसे घेऊ शकतो किंवा नुसतं लक्ष ठेवू शकतो. गुणगुणलेली चालही कधीकधी पकडली जाते.

असा दावा आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्कदाराने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की स्ट्राइक बसतो, आणि ९० दिवसांत असे ३ झाले की चॅनेल बंद होण्याची पाळी येते. स्पर्धेपुरतं बघायचं तर साधा दावासुद्धा महागात पडतो: परीक्षक ज्या देशात बसलाय तिथे व्हिडिओ अडवला गेला तर त्याला काळा पडदा दिसेल.

आयोजकांनीच गाण्यांची परवानगी घेतली असेल तर नियमावलीत तसं लिहिलेलं असतं, मग बिनधास्त वाजवा. नसेल तर माझा सल्ला: मूळ गाणं वाजवूच नका. गंमत म्हणजे यामुळे व्हिडिओ सुधारतो. गाणं वाजवता येत नाही म्हटल्यावर ते सांगावं लागतं, आणि चाहत्याची खरी परीक्षा तिथेच. टेबलावर बोटांनी ठेका धरा आणि तो कुठे मोडतो ते दाखवा. कागदावर रेघ काढून आवाज कुठे चढतो, कुठे कोसळतो ते दाखवा. हेडफोन लावून ऐकताना स्वतःचा चेहरा शूट करा आणि त्यावर बोला. ‘आता चार ठोके काहीच नाही… आणि आला बेस’ हे नीट सांगितलं तर बघणारा व्हिडिओ संपल्यावर स्वतः जाऊन गाणं शोधतो.

पार्श्वसंगीत हवंच असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं, म्हणजे करणाऱ्यानेच काही अटींवर वापरायला मोकळं ठेवलेलं घ्या, पण परवान्याची अक्षरं वाचा. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्यायचं. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नाही, आणि बक्षिसाच्या रकमेची, प्रायोजकांची स्पर्धा कशात मोडते यावर वाद होऊ शकतो, तेव्हा टाळलेलं बरं. ‘एनडी’ मात्र सरळ नाकारा. या परवान्यात बदल करून वाटायला मनाई असते, आणि संगीत हलत्या चित्राशी जुळवून लावणं हाच बदल धरला जातो. तुम्ही एक सूरही बदलला नसला तरीही. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत तयार तुकडे मिळतात, त्यांतल्या काहींना श्रेय द्यावं लागतं. समाजमाध्यमांच्या अ‍ॅपमध्ये जी गाणी लावता येतात त्यांची परवानगी त्या अ‍ॅपपुरती असते. तिथून उतरवून घेतलेला व्हिडिओ स्पर्धेला पाठवला की ती परवानगी सोबत येत नाही.

हाच न्याय चित्रांना. कलाकाराचा इंटरनेटवरचा फोटो फोटोग्राफरचा असतो. मैफलीत तुम्ही स्वतः शूट केलेल्या क्लिपमध्ये कॅमेरा तुमचा, पण गाणं आणि सादरीकरण दुसऱ्याचं. त्यापेक्षा तुमच्या वहीतल्या नोंदी, जपून ठेवलेलं तिकीट, झिजलेले हेडफोन, घासून पांढरी पडलेली सीडी यांचे जवळून घेतलेले शॉट वापरा. कोणाची परवानगी लागत नाही, आणि ते दुसऱ्या कोणाकडे नसतात.

आवाज आधी, चित्र नंतर

संगीताच्या स्पर्धेत घुमणारा आवाज पाठवणं म्हणजे सुरेल कानांच्या माणसाला खडे चावायला लावणं. चित्र थोडं कमी-जास्त झालं तर लोक सोसतात. आवाज खराब असेल तर दहाव्या सेकंदाला कान मिटतात.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो माइकच्या अंतराने. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीतला घुमारा तेवढा उतरत नाही. म्हणून दोन मीटरवर ठेवलेल्या फोनमध्ये तुमच्यापेक्षा भिंतीच जास्त बोलतात. उपाय साधा आहे. दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून वापरा आणि तो तोंडापासून एक-दीड वीत अंतरावर, चौकटीच्या जरा बाहेर ठेवा. तोंडासमोर अगदी सरळ नको, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर बसत नाही.

खोली निवडताना पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली निवडा. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, मागे झणझण उरली तर दुसरी खोली. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. बोलायला सुरुवात करण्याआधी अर्धा मिनिट नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये वाक्य कापलं की तिथे ठार निःशब्द पोकळी तयार होते, ती या शांततेने भरायची.

दोन्ही फोन सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा. नंतर दोन्ही आवाजांच्या आलेखात ते टोक सापडतं, एकावर एक ठेवलं की ओठ आणि शब्द जुळले.

शूटिंग

इथे फार वेळ घालवू नका. लेन्स पुसा (खरंच पुसा, बोटांचे ठसे असतात). खिडकीकडे तोंड करून किंवा ती एका बाजूला येईल असे बसा, पाठीमागे नको. फोन डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या ढिगाऱ्यावर ठेवला तरी चालेल. मागचा कॅमेरा बहुधा पुढच्यापेक्षा चांगला असतो, आणि त्यात स्वतःचा चेहरा दिसत नाही हा आणखी एक फायदा: नजर आपोआप लेन्सकडे राहते. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा.

दिव्यांच्या उजेडात शूट करताना चित्र लुकलुकत असेल तर ते विजेमुळे. ५० हर्ट्झची वीज असलेल्या ठिकाणी बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, ६० हर्ट्झच्या ठिकाणी १२० वेळा. शटर, म्हणजे प्रत्येक चित्र टिपायला लागणारा सेकंदाचा अंश, त्याच्याशी जुळवायचं असतं: पहिल्या ठिकाणी १/५० किंवा १/१००, दुसऱ्या ठिकाणी १/६० किंवा १/१२०. फोनच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये ही सोय नसेल तर दिवे बंद करून खिडकीपाशी या, प्रश्न मिटला.

फोनमध्ये जागा असेल तर फोरके या मोठ्या आकारात शूट करा आणि अंतिम व्हिडिओ नेहमीच्या १०८० आकारात काढा. फोरकेमध्ये चौपट पिक्सेल असतात, त्यामुळे तोच शॉट एडिटिंगमध्ये जवळ आणता येतो. एकाच कॅमेऱ्यावर दोन अँगल मिळतात, आणि वाक्य जिथे कापलंय तिथला धक्का लपतो.

बोलताना चुकलात तर कॅमेरा बंद करू नका. दोन सेकंद थांबा, ते वाक्य पहिल्यापासून म्हणा. सगळं बोलून झालं की तिकीट, वही, बोटांचा ठेका असे वरून लावायचे शॉट घ्या, प्रत्येक किमान दहा सेकंदांचा. दोन सेकंदांचा शॉट नेमका हवा तिथे अपुरा पडतो.

एडिटिंग

संगणकावर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा शॉटकट चालेल, अ‍ॅपलवाल्यांकडे आयमूव्ही असतं. जे येतं ते वापरा, स्पर्धेच्या आठवड्यात नवं सॉफ्टवेअर शिकायला बसू नका.

आधी फक्त आवाज कापा. डोळे मिटून ऐका. नुसत्या आवाजावर व्हिडिओ तरला पाहिजे. रटाळ वाटेल तिथे कात्री चालवा, विशेषतः पहिल्या वीस सेकंदांत. मग चित्र बसवा. एक जुनी युक्ती फार उपयोगी आहे: पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी अर्धा-एक सेकंद सुरू करा. बोटांचा ठेका आधी ऐकू आला आणि मग टेबल दिसलं, की कापाकापी जाणवत नाही.

लांबलचक शॉटमध्ये शेवटी शेवटी ओठ मागे-पुढे व्हायला लागले तर घाबरू नका. बरेच फोन सेकंदाला ठरलेल्या संख्येने चौकटी (फ्रेम्स) टिपत नाहीत, उजेडाप्रमाणे ती संख्या बदलते. एडिटिंगच्या आधी ती क्लिप हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून स्थिर ३० किंवा २५ चौकटींवर आणली की हा घोळ थांबतो.

आवाजाची पातळी शेवटी बघा. यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) खाली आणतं, त्यामुळे कर्कश ओरडून काही मिळत नाही. टोक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पार्श्वसंगीत तुमच्या बोलण्यापेक्षा बरंच खाली हवं, आणि ज्या वाक्यात तुमचं मुख्य म्हणणं येतं तिथे ते पूर्ण थांबवा. लगेच लक्ष वेधलं जातं. मग एकदा हेडफोनवर, एकदा फोनच्या बारक्या स्पीकरवर ऐका. परीक्षक कशावर ऐकेल सांगता येत नाही.

सबटायटल्स आपोआप तयार करून घेतलीत तर ओळ न ओळ तपासा. कलाकारांची आणि वाद्यांची नावं त्यात हमखास बिघडतात, आणि चाहत्यानेच नाव चुकवलं तर शोभत नाही.

पाठवण्याआधी

फाइल एमपीफोर स्वरूपात, चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी ही पद्धत निवडून काढा, ती जवळपास सगळीकडे चालते. निर्यात झालेली फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा, नुसती सुरुवात नको. निर्यातीत कधीकधी मधलाच एखादा शॉट काळा पडतो.

लिंक द्यायची असेल तर अंतिम मुदतीच्या किमान दोन दिवस आधी व्हिडिओ चढवा. यूट्यूब चढवतानाच कॉपीराइटची तपासणी दाखवतं. दावा निघाला तर तेवढा भाग बदलायला तुमच्या हातात वेळ राहतो. आयोजकांनी सार्वजनिक ठेवायला सांगितलं नसेल तर ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतो. ‘प्रायव्हेट’ ठेवलंत तर लिंक असूनही परीक्षकाला काहीच दिसणार नाही. मग ब्राउझरची खासगी खिडकी उघडून, लॉग-इन न करता ती लिंक चालते का ते बघा.

वर्णनात वापरलेल्या प्रत्येक तुकड्याचं श्रेय द्या: संगीताचं नाव, करणाऱ्याचं नाव, परवाना. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि प्रवेशिकेचं शीर्षक हवं, ‘फायनल_खरंच_फायनल_३’ नको. अर्ज भरल्यावर आलेल्या पोचीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि निकाल लागेपर्यंत मूळ क्लिपा आणि एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल उडवू नका. पुढच्या फेरीत पोहोचलात तर आयोजक मोठ्या दर्जाची प्रत किंवा सबटायटल्सशिवायची प्रत मागू शकतात.